कोंबडीच्या धंद्यातील दुसरी वही

वरसाव्याच्या नाक्यावर जो कधी अडकला असेल त्याला तिथल्या कोंडीचे वर्णन सांगायला नको. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि लगेच पुढे वसईच्या खाडीवरचा पूल लागतो. २०२३ साली खाडीवर नवा पूल खुला झाला. तरी गायमुखच्या घाटात रस्त्याचे काम निघाले की गाड्यांच्या रांगा लागतातच. कापडाच्या गाडीला दोन तास उशीर झाला तर भाडेकरी चिडतो, दलाल फोन करतो, पण कापड काही बिघडत नाही. मांसाच्या गाडीचे तसे नाही.

माझा एक भाचा याच पट्ट्यात हॉटेलांना कोंबडीचे मांस पुरवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याचा टेम्पो या कोंडीत दोन तासांहून अधिक अडकला. टेम्पोत बर्फ होता, पण तो फक्त वरच्या थरावर. हॉटेलात माल उतरवून घेणाऱ्या माणसाने खालच्या क्रेटमधला एक तुकडा उचलला आणि थर्मामीटरची सुई आत खुपसली. आकडा आला ११ अंश. त्याने सगळा माल परत केला. भाच्याने विनवणी केली की माल पहाटेचा आहे, हलाल आहे, वास घेऊन पाहा. त्या माणसाने एकच प्रश्न विचारला, "निघताना किती अंश होते? लिहिलेले दाखवा." लिहिलेले काहीच नव्हते. पुढच्या आठवड्यात त्या हॉटेलची ऑर्डर बंद झाली.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, "मामू, त्याने मला चार माणसांत बेइमान ठरवले." मी म्हटले, "तुला बेइमान कोणी म्हटले नाही. तुझ्याकडे दुसरी वही नाही, एवढेच त्याने दाखवून दिले."

ही दुसरी वही म्हणजे काय, हे समजावण्यासाठीच हा लेख आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे मांस आणि कोंबडीच्या धंद्यात आहेत. पैशाची वही सगळेच ठेवतात. मालाची वही, म्हणजे माल कुठून आला, किती थंड होता, कोणी धुतला, कुठे गेला याची नोंद, फार थोडे ठेवतात. आज मोठा ग्राहक पहिल्या वहीकडे बघत नाही, दुसरी मागतो.

तपासणी म्हणजे संशय नव्हे

आम्हा कापडवाल्यांना तपासणीची सवय आहे. परदेशी खरेदीदाराचा माणूस येतो, ताका दिव्याच्या टेबलावरून ओढतो आणि दोष मोजतो. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, नऊ इंचांपेक्षा मोठ्याला ४ गुण. शंभर चौरस वारांमागे ठरलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा ४० पेक्षा, जास्त गुण झाले की ताका नापास. तो माझ्या नीयतीबद्दल काही बोलत नाही, फक्त मोजतो. सुरुवातीला आम्हालाही राग येई. नंतर कळले की आपणच आधी मोजून पाठवले तर भांडणच उरत नाही.

मांसाच्या धंद्यातले ऑडिट हेच आहे. फरक एकच. कापडातला दोष जिथे आहे तिथेच राहतो. मांसातला दोष वाढत जातो.

दोष वाढतो कसा?

जिवंत कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. म्हणजे हलाल केल्यानंतर मांस उबदारच असते, आणि जंतूंना ऊब, ओल व खुराक या तीनच गोष्टी हव्या असतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा: दोन तासांत एकाचे ६४, चार तासांत ४,०९६, आणि सात तासांत वीस लाखांहून अधिक. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानला जातो. ४ अंशांच्या खाली बहुतेक जंतूंची वाढ अगदी मंद होते. उणे १८ अंशांवर ती थांबते, पण सगळे जंतू मरत नाहीत.

कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. कोंबडी त्यामुळे आजारी दिसेलच असे नाही. वास येत नाही, रंग बदलत नाही. म्हणून "वास घेऊन बघा" हा पुरावा होत नाही. वास येतो तो नासवणाऱ्या जंतूंमुळे. आजारी पाडणारे जंतू पुष्कळदा गुपचूप बसतात.

कोणी म्हणेल, शिजवल्यावर सगळे मरतेच ना? मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७४ अंश उष्णता पोहोचली तर हे जंतू मरतात, हे खरे. पण ज्या लाकडी ठोकळ्यावर कोंबडी कापली त्यावरच कांदा-काकडी कापली तर ती कोण शिजवणार? शिवाय काही जंतू मांसात विष सोडून जातात आणि ते विष शिजवल्यानेही जात नाही.

हॅसप ही पद्धत

या विषयात वारंवार कानावर पडणारा शब्द म्हणजे हॅसप. धोके ओळखा आणि जिथे ते निर्णायकपणे रोखता येतात त्या जागा पकडून ठेवा, असा त्याचा सरळ अर्थ. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचे अन्न तयार करताना ही पद्धत बसवली गेली. प्रत्येक पुडी फोडून तपासली तर खायला काय उरणार? म्हणून शेवटचा माल तपासण्याऐवजी तो बनण्याची प्रत्येक पायरी ताब्यात ठेवायची, असा विचार पुढे आला. १९९३ साली अमेरिकेत कच्च्या राहिलेल्या मांसाच्या टिक्क्या खाऊन शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९६ साली तिथल्या सरकारने मांस व कोंबडीच्या कारखान्यांना ही पद्धत सक्तीची केली. मोठ्या कारखान्यांना आधी आणि अगदी लहानांना शेवटी, २००० पर्यंत, अशी मुदत दिली होती.

पद्धतीची सात तत्त्वे आहेत, ती सोप्या भाषेत अशी: धोके शोधा; ते रोखण्याच्या निर्णायक जागा ठरवा; प्रत्येक जागेला मर्यादा घाला; मर्यादा पाळली जाते का ते मोजत राहा; मोडली तर काय करायचे ते आधीच ठरवा; पद्धत चालते का हे अधूनमधून पडताळा; आणि सर्व लिहून ठेवा. सातवे तत्त्व नसेल तर आधीची सहा केली की नाही हे कोणालाच कळणार नाही.

आपल्या कामाच्या पायऱ्या

कोंबडीच्या लहान युनिटमध्ये कुठे काय सांभाळावे, हे क्रमाने पाहू.

१) खरेदी. फार्मचे नाव, गाव, तारीख, पक्ष्यांची संख्या लिहून घ्यावी. पक्ष्यांना शेवटचे औषध कधी दिले ते विचारावे. प्रतिजैविक दिल्यानंतर ठरावीक दिवस पक्षी कापायचा नसतो. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ पासून खाद्य-प्राण्यांसाठी बंदच आहे. कापण्यापूर्वी ८ ते १२ तास दाणा बंद ठेवावा, पाणी चालू ठेवावे. पोट रिकामे असले की आतडी फुटून घाण पसरण्याचा धोका कमी होतो. सुस्त, नाकातून पाणी येणारा किंवा मान वाकडी झालेला पक्षी बाजूला काढावा.

२) हलाल करणे व रक्त निचरणे. सुरी धारदार आणि स्वच्छ हवी. मोठ्या कारखान्यांत सुऱ्या ८२ अंशांच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करतात. रक्त पूर्ण निचरल्याशिवाय आणि पक्षी पूर्ण शांत झाल्याशिवाय तो गरम पाण्यात टाकू नये. हे दीनच्या दृष्टीनेही आवश्यक आहे आणि मालाच्या दृष्टीनेही.

३) गरम पाणी व पिसे. एकाच पिंपातल्या पाण्यात सकाळपासून दुपारपर्यंत पक्षी बुडवत राहिले तर शेवटच्या पक्ष्याला आधीच्या सगळ्यांची घाण लागते. पाणी कधी बदलले, ते लिहावे.

४) आतडी काढणे. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. हे काम करणाऱ्या माणसाने त्याच हाताने तयार माल उचलू नये. "मळकी बाजू" आणि "स्वच्छ बाजू" अशी जागेची विभागणी करावी, मग ती जागा दहा बाय बाराची का असेना. माणूस आणि माल नेहमी मळक्याकडून स्वच्छाकडे जावा, उलट नाही. पिसे आणि आतडी झाकणाच्या पिंपात भरून ठरलेल्या गाडीलाच द्यावीत. खाडी आपलीच आहे, तिच्यात टाकू नयेत.

५) थंड करणे. ही निर्णायक जागा. धुतलेला माल बर्फाच्या पाण्यात टाकून चार तासांच्या आत आतून ४ अंशांपर्यंत आणावा. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. कारखान्यातला औद्योगिक बर्फ स्वस्त पडतो, पण त्यातली घाण मालात उतरते.

६) वाहतूक. ही दुसरी निर्णायक जागा. वरसाव्याच्या माणसाला तर हे वेगळे सांगायची गरज नाही. खाली बर्फ, मध्ये माल, वर बर्फ, आणि सगळे झाकणाच्या पेटीत. वितळलेले पाणी निघून जायला तोटी हवी. निघताना तापमान, पोहोचल्यावर तापमान, दोन्ही वेळा.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आणि १९७३ चा मांस खाद्यपदार्थ आदेश होता. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो सर्वत्र अमलात आला. त्याच्या २०११ च्या परवाना नियमावलीने कोंबडी कापण्याच्या धंद्याचे तीन थर केले: दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत साधी नोंदणी, ५० च्या वर १,००० पर्यंत राज्याचा परवाना, त्यापुढे केंद्राचा. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपला थर आणि मर्यादा ताज्या नियमात पाहून घ्यावी. अर्ज संगणकावर फॉसकॉस या व्यवस्थेतून होतो. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. याखेरीज महानगरपालिकेची परवानगी वेगळी लागते, हे विसरू नये.

याच नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत आणि त्यातला चौथा भाग खास मांसाच्या धंद्यासाठी आहे. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वरासारख्या पोटाच्या आजारांविरुद्ध लस, पाण्याची तपासणी, उंदीर-माश्यांचा बंदोबस्त या सर्वांचे कागद मागितले जातात. त्रुटी आढळली तर कलम ३२ खाली सुधारणेची नोटीस येते. नोटीस म्हणजे दुकान बंद नव्हे. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून लेखी उत्तर द्यावे. घाबरून कोणा मध्यस्थाच्या मागे धावू नये.

२०१८ साली अन्न सुरक्षा ऑडिटचे नियम आले. केंद्रीय परवाना असलेल्या जोखमीच्या धंद्यांना, ज्यांत मांस आणि कोंबडी येतात, मान्यताप्राप्त बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट करून घ्यावे लागते. लहान दुकानदाराला ते सक्तीचे नसले तरी त्याचा ग्राहक, म्हणजे हॉटेल किंवा केटरर, स्वतःचा माणूस पाठवतो. दोघांची पद्धत जवळपास एकच असते.

ऑडिटर काय पाहतो?

तो आधी जागा फिरून पाहतो, मालाच्या वाटेने. मग कामगाराला विचारतो, मालकाला नाही: "हात कधी धुतोस? पाणी कधी बदललेस?" मालक बाजूला उभा राहून उत्तर देऊ लागला की त्याला जे कळायचे ते कळते. मग तो थर्मामीटर मागतो आणि बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात सुई धरतो. आकडा शून्याजवळ आला पाहिजे. ही चाचणी आपण स्वतः दर आठवड्याला करू शकतो, त्याला खर्च काहीच नाही.

त्यानंतर येतो उलटा माग. तो तयार मालाची एक पिशवी उचलतो आणि विचारतो, ही कोणत्या फार्मची? कोणत्या दिवसाची? त्याच खेपेचा बाकीचा माल कोणाकोणाकडे गेला? हे सांगता आले पाहिजे.

हा प्रश्न उगाच नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर इथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत तो पुन्हा आला. अशा वेळी ज्याला लेखी दाखवता येते की "माझा माल त्या भागातला नाही", त्याचा धंदा काही दिवसांत सावरतो. ज्याला दाखवता येत नाही तो निर्दोष असूनही सगळ्यांबरोबर बुडतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीने कोरोना होतो या निव्वळ अफवेने भाव कोसळले होते. अफवेला तोंडी उत्तर पुरत नाही.

शेवटी ऑडिटर वही उघडतो. इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ज्या वहीत महिनाभर रोज ४.०, ४.०, ४.० असाच आकडा आहे, एकाच पेनाने, एकाच हाताने, ती वही त्याला पटत नाही. ती एका रात्रीत बसून भरली आहे हे तो ओळखतो. उलट ज्या वहीत एखाद्या दिवशी "८ अंश, बर्फ कमी पडला, माल परत थंड करून तासाभराने ४ अंश, मग पाठवला" असे लिहिले आहे, त्या वहीवर त्याचा विश्वास बसतो. वाईट दिवस लिहिणारा माणूस चांगला दिवसही खरा लिहीत असणार. खोटी भरलेली वही ही वही नसण्यापेक्षा वाईट.

हलाल आणि तय्यब

आपल्याकडे काही भाऊ म्हणतात, आमचा माल हलाल आहे, मग आणखी कागद कशाला? पण हलालच्या जोडीला आपल्या दीनने तय्यब हा शब्द दिला आहे. तय्यब म्हणजे पाक, चांगले, अपाय न करणारे. सुरी बरोबर फिरली आणि नंतर माल उन्हात तापला, तर पहिली अट पाळली गेली आणि दुसरी मोडली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. थर्मामीटरची सुई खालच्या क्रेटमध्ये घालणारा माणूस दुसरे काय करतो?

बाराव्या शतकात शाम देशातील अश-शैजरी यांनी बाजाराच्या तपासनिसासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, जे पुस्तक लिहिले त्यात कसायांसाठी वेगळे प्रकरण आहे. म्हणजे ऑडिट ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आणि आज निर्यातीच्या मांसाला हलाल प्रमाणपत्र द्यायचे तर ते देणारी संस्थाही मान्यताप्राप्त हवी, अशी व्यवस्था केंद्र सरकारने २०२३ पासून आणली आहे. नुसत्या शब्दावर माल पाठवण्याचा काळ तिथेही संपला.

वही कशी ठेवावी?

दोनशे पानी साधी वही पुरे. आठ रकाने आखावेत: तारीख, फार्म व गाव, पक्ष्यांची संख्या, कापण्याची वेळ, थंड झाल्याचे तापमान व वेळ, निघतानाचे तापमान, पोहोचल्याचे तापमान व ग्राहक, आणि शेवटचा रकाना "काय बिघडले, काय केले". शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. लिहिणाऱ्याने त्याच वेळी लिहावे आणि सही करावी. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण ऑडिटरला वाचून दाखवता येईल असे लिहा. सुईचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. झाकणाच्या पेट्या मात्र महाग पडतात. त्या एकदम न घेता दर महिन्याला एक घ्यावी.

भाच्याने हेच केले. ते जुने हॉटेल परत आले नाही, हे खरे सांगितले पाहिजे. पण गेल्या उन्हाळ्यात पुन्हा घाटात कोंडी झाली. ड्रायव्हरने वाटेत पेटी उघडून तापमान पाहिले, एका पेटीचे झाकण सैल राहिल्यामुळे आकडा ९ वर गेला होता. त्याने भाच्याला फोन केला. भाच्याने ती पेटी ग्राहकाकडे उतरवलीच नाही, नष्ट केली, आणि शेवटच्या रकान्यात तसे लिहिले. मला म्हणाला, "मामू, त्या दिवशी तीन हजारांचे नुकसान झाले." मी विचारले, "दोन्ही वह्यांत लिहिलेस ना?" म्हणाला, "लिहिले." काही महिन्यांनी एका केटररने ऑर्डर देण्यापूर्वी वही मागितली. पाने उलटता उलटता तो नेमका त्याच पानावर थांबला, आणि त्याने दुसरे काही विचारले नाही.

ज्यांच्या घरात हा धंदा आहे त्यांनी ही वही उद्याच सुरू करावी. पहिल्या पानावर आकडा चांगला येईलच असे नाही. जो येईल तो लिहावा.